नदीकाठचे गोटे टँकमध्ये चालतील का? व्हिनेगरला फेस आला नाही, तरी केएच वाढतोय

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोन फुटी प्लँटेड टँक (माशांसोबत पाणझाडं लावलेला), आत साधारण ८० लिटर नळाचं पाणी, झाडांसाठी सिलिंडरवरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड). कामशेतजवळ इंद्रायणीच्या काठावरून सात काळे गोटे आणले, घासून धुतले, प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाकले, फेस आला नाही. टँकमध्ये ठेवून तीन आठवडे झाले. केएच (पाण्याची कार्बोनेट कठीणता, अंशांत) ३ वरून ७ वर गेला, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारी एकूण कठीणता) ४ वरून ८ वर. पीएच ६.६ वर धरून ठेवायला सीओटू वाढवत न्यावा लागतोय आणि संध्याकाळी निऑन टेट्रा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं हलवत बसतात. दोन गेलेसुद्धा. दगड विषारी आहेत का, आणि कुकरमध्ये उकळून घेतले तर चालतील का?

दगडांकडे नंतर येतो. आधी सीओटू निम्म्यावर आणा आणि आज रात्रभर एअर पंप चालू ठेवा. वाचत बसण्यापूर्वी उठून एवढं कराच.

झालं काय, तर पीएच, केएच आणि विरघळलेला सीओटू हे तिघं एकमेकांना बांधलेले असतात. केएच ३ आणि पीएच ६.६ असेल तर पाण्यात सीओटू लिटरमागे साधारण २२-२३ मिलिग्रॅम असतो. झाडांना उत्तम, माशांना सोसणारा. आता केएच ७ झाला आणि पीएच तुम्ही हट्टाने ६.६ वरच ठेवला, म्हणजे सीओटू ५० च्या वर गेला. ३० च्या पुढे बहुतेक मासे बेचैन व्हायला लागतात. दिवे लागल्यापासून गॅस साठत जातो, म्हणून तुम्हाला हे संध्याकाळी दिसतं. तेव्हा दगड विषारी असल्याची खूण यात कुठेही नाही. दगडाने केएच वाढवला, तुम्ही पीएचचा आकडा धरून बसलात आणि मधल्या मधे मासे गुदमरले. (तरी अमोनिया एकदा तपासून घ्या, मेलेला मासा झाडांत अडकून राहिला असेल तर तोही भर घालतो.)

आता दगड. केएच चारने वाढला आणि जीएचही चारनेच वाढला, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात बोलकं वाक्य. दोन्ही जोडीने वाढतात तेव्हा चुना विरघळतोय असं समजायचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. एक अंश केएच म्हणजे लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. चार अंश आणि ८० लिटर, हिशेब करा: पावणेसहा ग्रॅमच्या आसपास. चहाचा चमचाभर पांढरी पूड. सात गोट्यांचं वजन दहा-बारा किलो असेल, त्यातला चमचाभर भाग तीन आठवड्यांत विरघळला. त्यामुळे 'दगड तर जसाच्या तसा दिसतोय' या दिसण्याला काही अर्थ नाही.

तुम्ही म्हणाल, मावळातला काळा दगड, त्यात चुना कुठून आला? रास्त शंका आहे. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचा. हा दगड स्वतः पाण्याला काही करत नाही. पुरावा घरातच आहे: पाटा-वरवंटा याच दगडाचा. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच वाटली, कैरी वाटली, लिंबू पिळलं, पाट्याला काही झालं नाही. पण लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपतं आणि पोकळ्या भरत जातात. कशाने, तर कुठे गारगोटीने, कुठे झिओलाइटने आणि कुठे कॅल्साइटने. तिन्ही पांढरी दिसू शकतात, आणि तिघांपैकी कॅल्साइट म्हणजे शुद्ध चुनाच. शिवाय नदीतल्या गोट्यांवर, विशेषतः उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बाजूला, पाणी सुकून सुकून पांढरट पापुद्रा बसतो. तोही चुन्याचा. दख्खनच्या नद्यांच्या काठच्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते सिमेंट लावल्यासारखे गोट्याला चिकटून येतात.

माझा अंदाज असा की व्हिनेगरचे थेंब तुम्ही प्रत्येक गोट्याच्या काळ्या, गुळगुळीत बाजूवर टाकलेत. सगळे तेच करतात, मीही केलंय. काळ्या बाजूला फेस येणारच नव्हता. तपासायचे ते पांढरे ठिपके, शिरा, खळगे आणि पापुद्रे, आणि तेही एकेक करून. एका गोट्यावर चार रंगांचं काही दिसत असेल तर ते चार दगड समजून चार वेळा तपासा.

दुसरी अडचण व्हिनेगरची. बाजारातलं व्हिनेगर म्हणजे चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड, बाकी पाणी. ओल्या, गार, गुळगुळीत कॅल्साइटवर ते इतकं हळू काम करतं की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दगड पूर्ण वाळू द्या, सुरीच्या टोकाने पांढरा भाग खरवडून चिमूटभर पूड काढा, ती स्टीलच्या चमच्यात घ्या आणि वर कोमट केलेलं व्हिनेगर टाका. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. खोली शांत असेल तर चमचा कानाशी धरा, चुना असला तर बारीक चरचर ऐकू येते. डोलोमाइट नावाचा चुन्याचा चुलतभाऊ अख्खा असताना थंड ॲसिडला दादच देत नाही, पुडीतच सापडतो. उलटी फसगतही होते: सच्छिद्र, कोरड्या दगडावर काहीही ओतलं तरी भोकांतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. त्याच जागी आधी साधं पाणी टाकून बघा. पाण्यालाही बुडबुडे आले तर ती हवा.

याहून पक्की खात्री हवी तर हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्यासाठी बाटली शोधत फिरायला नको. टँकचं पाणी तपासायच्या काही लिक्विड नायट्रेट किटच्या पहिल्या बाटलीत तेच असतं, बाटलीवरचं लेबल वाचा. एक थेंब पुरतो. हातमोजे आणि चष्मा घालून, गॅलरीत, आणि जवळपास ब्लीचचा थेंबही नसताना, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. निळं, दाट टॉयलेट क्लीनर मात्र या कामाला वापरू नका. त्यात साबण असतो, त्याचाच फेस येतो आणि निर्दोष दगड फासावर जातो.

फेस न येणारं पांढरं राहिलं, तर ते गारगोटी की झिओलाइट हे सुरी सांगते. गारगोटीवर सुरीचा ओरखडा उठत नाही, उलट ती काचेवर ओरखडा काढते. ती खुशाल ठेवा. झिओलाइटवर सहसा ओरखडा उठतो. दिसायला कधी मोत्यासारखी चमक असलेल्या पाकळ्या, कधी सुयांचा जुडगा. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींमधले हे स्फटिक जगभरचे संग्राहक विकत घेतात. टँकमध्ये झिओलाइट थोडं असलं तर चालतं, ते पाण्यातला अमोनिया काही प्रमाणात धरून ठेवतं. पण उपचार म्हणून टँकमध्ये मीठ टाकलंत की धरलेला अमोनिया सोडूनही देतं, हे लक्षात असू द्या. सुयांचे जुडगे असलेला दगड मी तळाशी राहणाऱ्या माशांबरोबर ठेवत नाही. कोरिडोरासच्या मिशा त्या सुयांवर घासून खराब व्हाव्यात एवढा तो दगड सुंदर नसतो.

अशाच पोकळ्यांत कधी हिरवा लेप दिसतो आणि लोक 'तांबं, तांबं' म्हणून घाबरतात, कारण तांबं कोळंबी आणि गोगलगायींचा काळ आहे. आपल्या बेसॉल्टमधला हा मऊ, मातकट हिरवा लेप बहुतेक वेळा सेलाडोनाइट असतो. त्याचा हिरवा रंग लोहामुळे येतो, तांब्याचा त्यात संबंध नाही. तरी झिंगे पाळणार असाल आणि शंका मिटत नसेल, तर तो दगड सोडून द्या. नदीत गोट्यांची कमी नाही.

इंटरनेटवर सांगतात त्या चुंबकाच्या चाचणीबद्दलही एक शब्द. चुंबक चिकटलं तर दगडात धातू आहे, फेकून द्या, असं म्हणतात. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतातच, जोरदार चुंबक त्याला ओढलं जाणारच. हा नियम लावला तर सह्याद्री सगळा फेकून द्यावा लागेल. टाळायचा तो पितळी चमक असलेला पायराइट, खाणीजवळचे जड आणि चमकदार खनिज तुकडे, आणि गंजाचे ओघळ सुटलेले दगड. भंडारा किंवा नागपूरकडच्या मॅंगनीज खाणींच्या परिसरातून काही उचलत असाल तर हे आधी बघा.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते: माणसाने नदीत टाकलेलं. शहराजवळच्या नदीपात्रात जे 'गोटे' दिसतात, त्यातले कित्येक सिमेंट-काँक्रीटचे तुकडे असतात. वाहून वाहून गोल झालेले, शेवाळ धरलेले, अगदी दगडासारखे. फोडून बघितलं तर आत खडी दिसते. काँक्रीट पीएचला ९ च्या पुढे नेऊ शकतं. दुसरं, विसर्जनाच्या घाटांजवळचे दगड. प्लॅस्टर ऑफ पॅरिस भिजलं की त्याचं जिप्सम होतं, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचा राप दगडाला बसतो, आणि गंमत अशी की ॲसिडला ते फेसच देत नाही. अशा दगडाने जीएच वाढतो आणि केएच जागेवर राहतो. तुमच्याकडे दोन्ही वाढले, म्हणून तुमच्या बाबतीत मी प्लॅस्टरवर आळ घेत नाही. पण घाटावरचा दगड रंगामुळेही नकोच. शेंदूर लागलेला तर कुणी उचलणार नाही असं मी धरून चालतो. शेंदरात शिसं असतं, ही त्यामागची आणखी एक बाजू.

फरशीच्या दुकानातून उरलेले तुकडे आणणाऱ्यांसाठीही सांगतो. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. कडप्पाही. तो काळा दिसतो म्हणून बेसॉल्ट समजून लोक त्याच्या गुहा बांधतात. घरात कडप्प्याचा ओटा असेल तर आईला विचारा, त्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर काय होतं. तो डाग म्हणजेच आपली ॲसिडची चाचणी.

आता बादलीची चाचणी. ॲसिड फक्त ज्या जागी थेंब पडला तिथलं सांगतं, बादली अख्ख्या दगडाचं सांगते. पण बहुतेक लोक ती इतक्या ढिलेपणाने करतात की नापास होणारा दगड पास होतो. हवेत जेवढा सीओटू असतो तेवढ्यावर चुना पाण्यात फार विरघळत नाही, साधारण पावणेतीन अंश केएचपर्यंत जाऊन थांबतो. म्हणजे तुमच्या नळाच्या पाण्याचा केएच आधीच ३ असेल, तर त्या पाण्यात चुनखडीचा डोंगर ठेवलात तरी आकडा जवळपास हलणार नाही. बोअरच्या पाण्यात तर नाहीच नाही. आणि तोच दगड सीओटू सोडलेल्या टँकमध्ये गेला की विरघळत सुटतो, कारण तिथे पाण्यात सीओटू कितीतरी जास्त असतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. मॉली माशांच्या, सीओटू न सोडलेल्या साध्या टँकमध्ये हेच गोटे वर्षभर पडून राहिले असते आणि तुम्हाला कळलंही नसतं.

म्हणून बादलीत आरओचं पाणी घ्या. सुरुवातीचा केएच शून्याजवळ हवा. दगड जास्त, पाणी कमी: पाच किलोला सात-आठ लिटर पुरे. शेजारी दुसरी बादली, तेच पाणी, दगडाशिवाय. दोन्हींवर झाकण, नाहीतर पाणी उडून आकडे आपोआप चढतात. पहिल्या दोन दिवसांत टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण) थोडा वाढेल, ती धूळ आणि माती. ते पाणी फेकून नवं भरा आणि तिथून चौदा दिवस मोजा. टीडीएसचा पेन 'काहीतरी विरघळलं' एवढंच सांगतो, काय ते सांगत नाही, म्हणून केएच आणि जीएच किटनेच बघा. पीएचवर विश्वास ठेवू नका. नळाचं आणि बोअरचं पाणी नुसतं उघडं ठेवलं तरी अडकलेला वायू निघून जातो आणि पीएच स्वतःहून चढतो, दगड असो वा नसो. केएचच्या किटमध्ये ५ मिलि पाण्याला एक थेंब म्हणजे एक अंश असेल, तर १० मिलि पाणी घ्या. मग थेंबाला अर्धा अंश मिळतो.

चौदा दिवसांनी आरओमध्ये केएच अर्ध्या अंशाच्या आत राहिला तर दगड पास. एक ते दीडच्या पुढे गेला तर तुमच्यासारख्या टँकसाठी नापास. मधे अडकला तर सिलिंडरची नळी एक दिवस बादलीत सोडा आणि पुन्हा केएच मोजा. सीओटूमुळे पीएच खाली जाईल, केएचचा आकडा मात्र नुसत्या सीओटूने बदलत नाही. तो वाढला तर दगडानेच वाढवला. आणि सातही गोटे एका बादलीत टाकू नका. सात बादल्या घरात नसतात हे मान्य, पण दोन गट करा, नापास गट पुन्हा फोडा. बहुतेक एक किंवा दोनच गोटे अपराधी निघतील.

कुकरचं उत्तर: नाही. उकळल्याने चुना जात नाही, त्यामुळे तुमच्या मूळ प्रश्नाला त्याचा उपयोगच नाही. वर धोका आहे. दगडातल्या बंद पोकळीत पाणी असतं, त्याची वाफ झाली आणि तिला वाट मिळाली नाही तर दगड फुटतो. सुरुवातीच्या काळात मी एक गोटा पातेल्यात उकळत ठेवून फोनवर बोलत बसलो होतो. पाणी आटलं आणि नंतर जो आवाज झाला त्याने शेजारचे धावत आले. तुकडा माझ्या डोक्याऐवजी खिडकीच्या काचेत गेला, एवढंच नशीब. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गॅसची थेट आच, सगळं वर्ज्य. जंतूंसाठी दगड प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवून वरून गरम पाणी ओतणं पुरतं, किंवा नायलॉनच्या ब्रशने घासून कडक उन्हात आठ-दहा दिवस. तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण दगडात राहतात आणि गंजतात. पाण्याला वास असलेल्या नदीतला दगड असेल तर पातळ ब्लीचमध्ये एक दिवस, मग क्लोरीन मारणारं हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकलेल्या पाण्यात दोन दिवस, मग ऊन. डांबराचा, डिझेलचा किंवा शेतातल्या औषधाचा वास दगडाला लागला असेल तर हे सगळे कष्ट व्यर्थ आहेत, तो दगड तिथेच ठेवा.

कोकण-गोव्याकडून विचारणाऱ्यांसाठी दोन ओळी: जांभा पाण्याच्या कठीणपणात सहसा ढवळाढवळ करत नाही, पण लाल माती महिनाभर सोडत राहतो आणि भोकांत काय काय शोषलेलं असतं ते त्यालाच ठाऊक. किनाऱ्यावरचा शंख-शिंपल्यांचा जमून झालेला खडक, ज्याला काही ठिकाणी करळ म्हणतात, तो म्हणजे चुनाच. आणि प्रवाळाचा तुकडा घरी आणू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याने दगडी प्रवाळ संरक्षित आहेत. अभयारण्यातून, किंवा निघोजच्या रांजणखळग्यांसारख्या जागेवरूनही काही उचलू नये, हे सांगायला लागू नये.

तुमच्या सात गोट्यांचं असं करा. सगळे एकदम बाहेर काढा, वर सांगितल्याप्रमाणे पांढरं खरवडून तपासा, मग बादली. नुसता वरचा पापुद्रा फेसाळत असेल तर तो दगड वाचवता येतो: टोकदार काहीतरी घेऊन खरवडा, चार दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, रोज व्हिनेगर बदला, धुवा, पुन्हा बादली. पोकळ्यांतच कॅल्साइट असेल तर नाद सोडा, ते आत किती खोल गेलंय हे दगड फोडल्याशिवाय कळत नाही. असे दगड कुणाकडे मलावी सिक्लिड असतील तर त्याला द्या. त्या माशांना कठीण, अल्कधर्मी पाणीच लागतं, तो खूश होईल. फक्त त्याला सांगा की दगड आधी काचेवर फोमचा तुकडा ठेवून त्यावर बसवायचे आणि वाळू नंतर टाकायची. हे मासे खणतात, आणि वाळूवर उभा केलेला तीन किलोचा गोटा एका रात्रीत काचेवर येतो.

टँकचं पाणी एका दमात बदलू नका. दर दोन-तीन दिवसांनी पाचवा हिस्सा, नळाच्या पाण्याने, केएच ३-४ वर येईपर्यंत. तो उतरत असताना तेवढ्याच सीओटूवर पीएच खाली सरकत जाईल, घाबरू नका आणि पीएच पकडायला धावू नका. ड्रॉप चेकर (टँकमध्ये लावायची, रंगाने सीओटू दाखवणारी छोटी कुपी) घ्या आणि त्यात टँकचं पाणी न भरता ४ केएचचं तयार द्रावण भरा. ते हिरवं दिसलं की सीओटू ३० च्या आसपास, पिवळं झालं की जास्त, निळं राहिलं की कमी. बादलीचे आकडे हातात आले की कळवा, आणि पांढऱ्या ठिपक्यांचे जवळून घेतलेले फोटो असले तर तेही.